सिंदखेडराजा: जाधवरावांची समाधी आणि शेजारचे उत्खनन

२५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात सिंदखेडचे सरदार आणि जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव मारले गेले. अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे व यशवंतराव हा नातू यांचाही तिथेच अंत झाला. एका घराच्या तीन पिढ्यांवर अहमदनगरच्या निजामशाही दरबाराने एकाच दिवशी घाला घातला. लखुजीराव त्याआधी मोगलांकडे जाऊन परतले होते, म्हणून काहीजण त्यांच्यावर फितुरीचा शिक्का मारतात. तो अन्यायाचा आहे. वतन, जहागीर आणि पदरची फौज टिकवायची तर त्या काळच्या दख्खनी सरदाराला बाजू बदलावीच लागे. या हत्येनंतर उरलेले जाधव मोगलांना मिळाले, आणि चार वर्षांत दौलताबादही निजामशाहीच्या हातून गेले.

पुढचा काळ थोडक्यात पुरे. १७५७ च्या अखेरीस मराठे आणि हैदराबादचा निजाम सिंदखेडलाच भिडले. त्या वेळी याच घराण्यातले रामचंद्र जाधव निजामाच्या बाजूने इथे अडकून पडले होते.

१२ जानेवारीची, जिजाऊ जयंतीची गर्दी राजवाड्याकडे जाते. लखुजीरावांच्या समाधीची चर्चा वाढली ती जून २०२४ पासून. पुरातत्त्व खात्याचे जतनाचे काम चालू असताना आवारात दगड दिसले. खणत गेल्यावर यादवकाळातल्या मंदिराचा पाया आणि सभामंडप उघडा पडला, आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. ती १.७० मीटर लांब आणि एक मीटर उंच आहे. दगड क्लोराइट शिस्टचा आहे, आणि पायाशी लक्ष्मी, खाली समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला आहे.

तेव्हापासून वाद मूर्तीभोवती फिरतो आहे. ती गावातच राहावी ही स्थानिकांची मागणी रास्त आहे. पण 'गावात' म्हणजे नेमकी कशी, हे ठरल्याशिवाय ती मागणी अर्धीच राहते. क्लोराइट शिस्ट मऊ असतो, त्याचे पापुद्रे सुटतात. शतकानुशतके ओल्या मातीत राहिलेला दगड थेट उन्हात ठेवला तर आतले क्षार पृष्ठभागावर येऊन स्फटिक धरतात आणि बारीक नक्षी आधी झडते. म्हणून तो सावलीत, ओल्या कापडाखाली, हळूहळू वाळवायचा असतो. माती मऊ ब्रशने काढायची. तार, आम्ल किंवा साबण लावायचा नाही. पूजा सुरू झाली की तेल, दूध आणि शेंदूर छिद्रांत शिरतात, ते पुन्हा निघत नाहीत. सिंदखेडातच छप्पर, पहारा आणि कोरडी हवा असलेले दालन बांधावे, हाच योग्य तोडगा आहे.

या गदारोळात समाधीचाच प्रश्न मागे पडतो. इमारतीलगत दोन मीटरपेक्षा खोल चर उघडा राहिला तर पावसाचे पाणी त्यात साचते. काळी माती भिजून फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि जोत्याचा आधार एका बाजूने सुटतो. घुमटाला किंवा कमानीला तडा जातो, तो बहुधा अशाच खचण्यामुळे. चर बुजवायचा असेल तर आधी पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरावे, त्यावर धुतलेली नदीची वाळू आणि मग १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत माती ठोकून भरावी. म्हणजे पुढे कुणाला खणायचे झाले तर जुना थर कुठे संपला ते कळते. उघडाच ठेवायचा असेल तर छत, कडेला आधारभिंत आणि पाणी बाहेर काढणारी नाली, हे तिन्ही पहिल्या पावसाआधी हवे.

दुरुस्तीचा चुना वर्षभर मुरवलेला असला तर उत्तम. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू-सुरखी (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) घालून सांधे भरावेत आणि किमान दोन आठवडे पाणी मारावे. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, त्यामुळे शेजारचा जुना दगडच झिजतो. भिंतीतला पिंपळ वरून छाटला की दुप्पट फुटतो. सांध्याचे दगड उतरवून मूळ काढावे लागते, मग तेच दगड क्रमांक घालून परत बसवायचे.