पदर दिसला की मेंदू का अडखळतो?

ही दोन वाक्यं वाचा. ‘तिनं गरम भाकरीवर सिमेंट लावलं.’ ‘पऱ्हाटीत डवरा धरलेल्या हातांनी कासरा ओढला, मग सुटलेला पदर कमरेला खोचला.’

पहिल्याला काही अर्थच नाही. दुसऱ्यात मात्र चुकीचं काहीच नाही. घरधनी गेल्यावर वावर स्वतः कसणाऱ्या बाया यवतमाळ-वर्ध्याकडे पुष्कळ आहेत. तरी ‘पदर’पाशी वाचणारा क्षणभर थबकतो. निंदण आणि कापूस वेचणं बाईचं, डवरणी (कपाशीच्या ओळींतून बैलांचा डवरा फिरवून तण काढणं) गड्याची, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

हे दोन धक्के मेंदूला सारखेच बसतात का? शब्द अर्थात बसला नाही, की साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ऋण विद्युतलहर उमटते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती 1980 मध्ये दाखवली. तिला एन-400 म्हणतात. 1997 मध्ये ली ऑस्टरहाउट आणि सहकाऱ्यांनी पुरुषी समजल्या जाणाऱ्या पेशांना स्त्रीवाचक सर्वनाम जोडून इंग्रजी वाक्यं वाचायला दिली. तेव्हा मोठी धन लहर आली, व्याकरण चुकल्यावर येते तशी. वाचणाऱ्यांनी ‘वाक्य बरोबर आहे’ असं सांगितलं तरी ती आलीच! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मनापासून समानता मानणाऱ्याचा मेंदूही आधी अडखळतो. अर्थात सीमारेषा काटेकोर नाही. काही प्रयोगांत साचेबद्ध समजुतींना छेद गेल्यावर एन-400 सुद्धा दिसली आहे.

2012 मध्ये कॉन्ट्रेरास, बानाजी आणि मिचेल यांनी मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय हे दाखवणारं एफएमआरआय स्कॅन वापरून आणखी खोलात पाहिलं. वस्तूंबद्दलच्या प्रश्नांना मेंदूच्या डाव्या बाजूचे, शब्दार्थाशी जोडलेले भाग कामाला लागले. माणसांच्या गटांबद्दल विचारलं, तेव्हा कपाळामागचा मधला भाग आणि त्याच्या जोडीचे इतर भाग जागे झाले. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधताना आपण हेच भाग वापरतो. म्हणजे ‘सोयाबीनला शेंगा येतात’ आणि ‘ट्रॅक्टर गडीच चालवतो’ ही माहिती मेंदू एकाच पद्धतीनं हाताळत नाही.

मग ही समजूत बदलते का? पश्चिम बंगालमध्ये प्रधानपद (आपल्याकडचं सरपंचपद) महिलांसाठी राखीव झालेल्या आणि न झालेल्या गावांत अर्थतज्ज्ञांनी एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे बाईचा कारभार लोकांनी पाहिला होता, तिथे पुरुषांनी तिला कमी लेखणं थांबवलं होतं. कारभारी पुरुषच असावा ही आवड मात्र तशीच राहिली. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. अशीच मोजणी आपल्या गावांतही व्हायला हवी, आणि ती डवऱ्यापाशीही व्हावी.