रक्तक्षय: लाल गोळीच्या मागचा इतिहास

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघण्याआधी आणि परत आल्यावर बायकांची आरोग्य तपासणी करायची पद्धत आता तिथे सुरू झाली आहे. बोटाला सुई टोचतात, एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन बघतात, आकडा बाराच्या खाली आला की तो रक्तक्षय धरून लोहाच्या लाल गोळ्या हातात देतात. या तपासणीला 2019 ची पार्श्वभूमी आहे. ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न त्या वर्षी विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. चर्चा शस्त्रक्रियांची आणि दवाखान्यांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या बायकांच्या अंगात रक्त किती होतं, याकडे मात्र फारसं कुणी वळलं नाही.

हिशेब सोपा आहे. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत 80 मिलिलिटर रक्त गेलं तर 40 मिलिग्रॅम लोह गेलं. रोजच्या जेवणातून शरीर शोषून घेतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि भाकरी-कालवणाच्या ताटातून एकाच्याच जवळपास. म्हणजे जिच्या अंगावरून जास्त जातं तिचं खातं दर महिन्याला तुटीत. फडात एक दिवस बुडाला तर खाडा पडतो, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचंच असतं. अशा बाईला गर्भाशय काढणं हा सुटकेचा मार्ग का वाटला असेल, हे कळायला वैद्यकाचं पुस्तक लागत नाही.

हिमोग्लोबिनचं काम एका ओळीत सांगता येतं: फुप्फुसातून ऑक्सिजन उचलायचा आणि पेशींपर्यंत पोचवायचा. एका तांबड्या पेशीत त्याचे सुमारे 27 कोटी रेणू असतात, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. पेशी जगते 120 दिवस. मग ती मोडते, तिच्यातलं लोह शरीर जपून ठेवतं आणि हाडांच्या आतली अस्थिमज्जा ते नव्या पेशीत घालते. लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे जवळजवळ नाही. रक्त वाहून गेलं तरच ते मोठ्या प्रमाणात जातं, म्हणून पाळी, बाळंतपण आणि पोटातले जंत हे इतके महत्त्वाचे.

रक्त आणि लोखंड यांचं नातं माणसाने फार आधी ओळखलं होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे आणि त्यातल्या औषधांत लोहचूर्ण आहे. 1681 मध्ये इंग्लंडात सिडनहॅम हा वैद्य फिकट पडलेल्या तरुण मुलींना दारूत भिजवलेला लोखंडाचा कीस देत होता. 1746 मध्ये मेंघिनी या इटालियन वैद्याने रक्त जाळून उरलेल्या राखेवर लोहचुंबक फिरवला आणि कण चिकटले. 1832 मध्ये फ्रान्समध्ये ब्लो याने लोहाच्या सल्फेटची गोळी काढली. आज उपकेंद्रात मिळणाऱ्या गोळीत फेरस सल्फेटच असतं. त्याच गोळीत शेजारी फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व बसलं आहे, आणि त्याचा इतिहास जास्त रोचक आहे, कारण तो आपल्याच राज्यात घडला.

1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जबर रक्तक्षय होत होता, काही जणी त्यात दगावत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान होते, त्यामुळे इथे दुखणं वेगळं आहे हे उघड होतं. आधी जंतूंचा संशय आला, तो टिकला नाही. मग विल्सने या बायका राहतात कुठे आणि खातात काय याची चौकशी केली. फळं, भाजी आणि प्रथिनं ज्यांच्या ताटात सर्वांत कमी, अशा गरीब मुस्लिम बायकांमध्ये हा आजार सर्वांत जास्त निघाला. हाफकिन संस्थेत काम करताना तिने उंदरांना आणि माकडांना तसंच अन्न घालून पाहिलं. शेवटी मार्माइट नावाचा स्वस्त यीस्टचा अर्क दिल्यावर बायका बऱ्या झाल्या. 1931 मध्ये हे प्रसिद्ध झालं. अर्कातला गुणकारी पदार्थ कोणता हे माहीत नव्हतं, म्हणून बराच काळ त्याला विल्स घटक म्हणत. 1941 मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं, आणि 1945 मध्ये अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत तयार केला.

या शोधाचा अर्धा भाग प्रयोगशाळेत लागला आणि अर्धा भाग त्या बायकांच्या स्वयंपाकघरात. पुढे सरकारी कार्यक्रमांनी गोळी उचलली, चौकशी मात्र मागे राहिली, असं माझं मत आहे. 1970 मध्ये राष्ट्रीय पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम आला. 1991 मध्ये त्याचं नाव बदललं, 2013 मध्ये नवी योजना आली, 2018 मध्ये ॲनिमिया मुक्त भारत. लाल गोळी गरोदर बायकांना, निळी किशोरवयीन मुलामुलींना, गुलाबी लहान मुलांना. पन्नास वर्षं गोळ्या वाटून झाल्यावर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांमधला रक्तक्षय 2015-16 मधल्या 48 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 54.2 टक्क्यांवर गेला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो 68.9 टक्के निघाला.

हे आकडेही वादात आहेत. बोट टोचून काढलेल्या थेंबात ऊतींतलं पाणी मिसळतं आणि मोजमाप हलतं. शिरेतून घेतलेलं रक्त जास्त भरवशाचं. या वादामुळे पुढच्या सर्वेक्षणातून रक्तक्षयाची मोजणीच वगळली. खेड्यापाड्यात त्याआधी कित्येक वर्षं साहली पद्धत चालली. 1902 मध्ये स्विस डॉक्टर साहली याने ती काढली: रक्तात सौम्य आम्ल घालायचं, तपकिरी झालेल्या द्रावात थेंबथेंब पाणी टाकायचं आणि शेजारच्या काचेशी रंग जुळला की आकडा वाचायचा. खिडकीतला उजेड आणि तपासणाऱ्याची नजर, दोन्ही त्या आकड्यात उतरायचे.

मराठवाड्यात हे सगळं उशिरा पोचलं. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे घाटी म्हणतात, ते 1956 चं. अंबाजोगाईचं 1974 चं. या दोहोंच्या मधे बहात्तरचा दुष्काळ. पाझर तलावांवर आणि खडी फोडायला बायकाच जास्त, हातात मिळायची सुकडी, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार. ज्वारीत लोह असतं, शंभर ग्रॅममध्ये चारेक मिलिग्रॅम, पण त्याच दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते अडवून धरतं. बाजरीत लोह जास्त, अडचण तीच. लिंबू पिळलं, कच्चा टोमॅटो खाल्ला तर शोषण वाढतं, आणि भाकरीबरोबर चहा घेतला तर घटतं. फडावर नेमकं चहा-भाकरीच असतं. शिवाय अनवाणी पायांतून आकडेकृमी शिरतो आणि आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. 2015 पासून शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल देतात. फडावरच्या कोपीत राहणारी पोरं मात्र त्या दिवशी शाळेच्या पटावर असतात, वर्गात नसतात.

रक्त कमी असणं म्हणजे लोह कमी असणं, हे समीकरण मराठवाड्यात आणखी तीन ठिकाणी तुटतं.

पहिलं, माळकरी घरं. बी-12 हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळतं. ते 1948 मध्ये वेगळं काढता आलं. शाकाहारी घरात दूध-ताकही कमी झालं की म्हातारपणी हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, एचबी उतरतं. इथे लोहाचा उपयोग नाही. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

दुसरं, किनवट-माहूर. विदर्भाला लागून असलेल्या या डोंगरपट्ट्यात गोंड, आंध, कोलाम, प्रधान राहतात आणि इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. 1910 मध्ये शिकागोच्या हेरिकने विळ्यासारख्या वाकड्या पेशी प्रथम वर्णन केल्या. 1949 मध्ये पॉलिंगने दाखवलं की बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि 1950 च्या दशकात इंग्रमने तो एका अमिनो आम्लावर, म्हणजे प्रथिनाच्या एका दुव्यावर, आणून ठेवला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एकाच पालकाकडून हा दोष आला तर मलेरियापासून बचाव होतो, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत तो टिकून राहिला. दोघांकडून आला तर सांधे, पोट, छाती धरून असह्य कळा. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झाली.

तिसरं, थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं तयार न होण्याचा आनुवंशिक आजार. 1925 मध्ये डेट्रॉइटच्या कूलीने वर्णन केलेला हा आजार फाळणीनंतर इथल्या शहरांत स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांत जास्त दिसतो, पण त्यांच्यापुरता नाही. वाहक व्यक्तीचं, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेल्या माणसाचं, एचबी दहा-अकरावर अडकतं, पेशी लहान दिसतात आणि लोह कमी आहे असं समजून वर्षानुवर्षं गोळ्या सुरू राहतात. वाहक ओळखणारी एचबी ए-2 ची (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची) तपासणी लग्नाआधी केली तर पुढचं पुष्कळ टळतं. आजारी मुलाला तर महिन्याला रक्त भरावं लागतं, आणि भरलेल्या रक्तातलं लोहच मग हृदयात आणि यकृतात साठतं.

गरोदरपणातली लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस घ्यायची असते. ऊसतोडीचा हंगामही पाच-सहा महिन्यांचाच. म्हणजे दिवाळीत चौथा महिना लागलेल्या बाईचा जवळजवळ सगळा कोर्स सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या फडावर जातो, तर तिचं नाव गावच्या आशाताईंच्या वहीत असतं. निघतानाच सगळ्या गोळ्या आणि तपासणीचं कार्ड सोबत दिलं, आणि कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्राने ते कार्ड आपलं मानलं, तर दोन महिन्यांनी पुन्हा एचबी बघता येईल. ते वाढलं नसेल तर तिचं रक्त पुढच्या तपासणीला पाठवायचं, आणि ती काय खाते हेही विचारायचं.