ॲक्सिलरेटर दाबला की वजन कुठे जाते?

२०१९ साली बीएमडब्ल्यूने वन सिरीजची तिसरी पिढी बाजारात आणली आणि या गाडीच्या चाहत्यांमध्ये खळबळ उडाली. २००४ पासूनच्या दोन्ही पिढ्यांची मूळ रचना मागच्या चाकांना ताकद देणारी होती. नव्या गाडीत इंजिन आडवे बसले आणि ताकद पुढच्या चाकांकडे गेली. त्यामुळे मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे ३३ मिलिमीटर जागा वाढली आणि डिकी ३६० ची ३८० लिटर झाली. जागेचा फायदा उघड आहे. पळण्यात आणि वळण्यात काय बदलले, हे मात्र आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

दोन गाड्या घेऊ. दोघींचे वजन १४०० किलो, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच. पहिली फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद देणारी. तिचे इंजिन, गिअरबॉक्स सगळे पुढेच असल्याने पुढच्या चाकांवर ६० टक्के, म्हणजे ८४० किलो भार. दुसरी रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणारी, भार निम्मा-निम्मा, मागच्या चाकांवर ७०० किलो. उभ्या गाडीत पहिलीच वरचढ दिसते, कारण ओढणाऱ्या चाकांवर तिचा भार जास्त आहे.

आता दोघींनी अर्ध्या जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने निघायचे ठरवले. गाडीतली कुठलीच वस्तू जागची हलत नाही, पण पुढच्या चाकांवरचा काही भार मागच्या चाकांवर जातो. किती, ते काढायला एकूण वजनाला जीमधल्या त्वरणाने (इथे ०.५) आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणायचे आणि चाकांमधल्या अंतराने भागायचे. उत्तर येते सुमारे १४३ किलो. पहिलीच्या पुढच्या चाकांवर उरले ६९७ किलो, दुसरीच्या मागच्या चाकांवर झाले ८४३. पारडे पूर्ण उलटले!

कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरू, म्हणजे टायरची पकड त्यावरच्या भाराच्या ०.९ पट. अर्ध्या जीसाठी ७०० किलोभार इतका रेटा हवा. पहिलीचे टायर जेमतेम ६२७ देऊ शकतात, म्हणून ते जागच्या जागी फिरतात आणि रबर जळते. दुसरीकडे ७५९ आहे, ती सुरळीत निघते. निव्वळ पकडीची मर्यादा धरली, तर ० ते १०० किमी वेगाला पहिलीला ६.२ सेकंद लागतात, दुसरीला ५.१. प्रत्यक्षात इंजिनाची ताकदही आड येते. २०१२ ची मागच्या चाकांची एम१३५आय ३२० हॉर्सपॉवरची होती आणि मॅन्युअल गिअरवर ५.१ सेकंद घ्यायची. पुढच्या चाकांची १२८टीआय २६५ हॉर्सपॉवरवर ६.१ घेते. यातला काही फरक निव्वळ ताकदीचा आहे. पण तिसऱ्या पिढीच्या ३०६ हॉर्सपॉवरच्या एम१३५आयला कंपनीने चारही चाकांना ताकद दिली, हे जास्त बोलके आहे.

रस्ता निसरडा झाला की गणित फिरते. त्वरणच कमी मिळते, त्यामुळे मागे जाणारा भारही कमी. बर्फावर घर्षणांक ०.२ धरला, तर पहिली ०.११५ जी गाठते आणि दुसरी ०.१०४ वरच थांबते. या दोन गाड्यांची बरोबरी साधारण ०.४५ घर्षणांकाला होते. त्याखाली पुढची चाके जिंकतात, त्यावर मागची. बर्फाळ देशांत घरगुती वापराला फ्रंट व्हील ड्राइव्ह सोयीची वाटते, ती यामुळेच. चढावर मात्र तिची अडचण होते. मागे तीन माणसे आणि भरलेली डिकी घेऊन ओल्या चढावर निघताना पुढची चाके हलकी पडतात. तिथे क्लच हळू सोडावा आणि इंजिनचे फेरे वाढवू नयेत.

वळणावर प्रश्न टायरच्या पकडीच्या वाटणीचा असतो. टायरने आपल्या पकडीतली ६० टक्के गाडी ओढायला खर्च केली, तर वळायला ८० टक्के उरते. ओढायला ८० टक्के गेली की वळायला ६०. साधी बेरीज शंभर होत नाही, वर्गांची होते: ०.६ चा वर्ग ०.३६, ०.८ चा ०.६४, मिळून १. पुढची चाके ओढतात आणि वळवतातही, म्हणून वळणातून निघताना ॲक्सिलरेटर जास्त दाबला की गाडी स्टिअरिंगला जुमानत नाही, बाहेरच्या बाजूला सरकते. अशा वेळी स्टिअरिंग आणखी पिळणे ही नेहमीची चूक. ॲक्सिलरेटर सैल करावा, स्टिअरिंग किंचित सरळ करावे, पकड परत येते. मागच्या चाकांच्या गाडीत हाच अतिरेक शेपटी बाहेर फेकतो. तिथे शेपटी ज्या बाजूला जाते त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचे आणि पाय हळूहळू उचलायचा. दचकून पाय एकदम काढला, तर भार पुढे धावतो, मागचे टायर आणखी हलके होतात आणि गाडी गोल फिरते. इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा हे बरेचसे सावरते, पण नसलेली पकड तिला निर्माण करता येत नाही.

फ्रंट व्हील ड्राइव्हचा आणखी एक त्रास: जोरात दाबले की स्टिअरिंग एका बाजूला ओढते. आडव्या इंजिनाशेजारी गिअरबॉक्स बसतो, त्यामुळे चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यांपैकी एक ड्राइव्ह शाफ्ट आखूड आणि दुसरा लांब होतो. दोघांचे कोन वेगळे, म्हणून स्टिअरिंगवरचा पीळही वेगळा. लांब बाजूला इंजिन ब्लॉकवर बेअरिंगमध्ये बसवलेला मधला शाफ्ट दिला, की बाहेरचे दोन्ही शाफ्ट सारख्या लांबीचे होतात. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये आणि रेनोने मेगान आरएसमध्ये पुढे जाऊन स्टिअरिंगचा अक्षच, म्हणजे ज्या रेषेभोवती चाक वळते ती, चाकाच्या मध्याजवळ आणला. हे काम किती नेटके झाले याचा दाखला म्हणजे २०१९ ची मेगान आरएस ट्रॉफी-आर: जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची २०.६ किलोमीटरची फेरी तिने ७ मिनिटे ४०.१ सेकंदांत पूर्ण केली, तीही फक्त पुढच्या चाकांवर. जुन्या गाडीत ओढ अचानक वाढली, तर आधी दोन्ही टायरमधली हवा आणि इंजिनचे माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारे रबरी आधार) तपासावे. माउंटिंगचे रबर मेले की इंजिन झुकते आणि शाफ्टचे कोन बिघडतात.

फ्रंट व्हील ड्राइव्हचे पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून दोनच नवे घेतले की ते पुढे बसवण्याचा मोह होतो. नवे टायर मागेच बसवावेत, ताकद कुठल्याही चाकांना जात असो. ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले, तर वेग कमी करून गाडी बहुतेक वेळा सावरते. मागचे गुळगुळीत टायर सुटले, तर ती फिरायला एक सेकंदही लागत नाही.