अणुभट्टीच्या शेजारी उणे २५३ डिग्री

रिसर्च रिॲक्टर वीज बनवायला नसतोच, त्यातून हवे असतात ते न्यूट्रॉन. फिशनमधून, म्हणजे अणू फुटताना, न्यूट्रॉन सुटतो तेव्हा त्याची एनर्जी साधारण २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, मग जड पाण्यात धडका खात खात तो सेकंदाला २२०० मीटरवर येतो आणि वेव्हलेंग्थ होते १.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). क्रिस्टलमधे अणू कसे रचलेत ते बघायला एवढं पुरतं. पण प्रोटीन, पॉलिमर असल्या मोठ्या रचना बघायच्या तर ४ अँगस्ट्रॉमच्या वरचे, म्हणजे अजून हळू, ‘थंड’ न्यूट्रॉन लागतात, आणि ते नेहमीच्या बीममधे फारच थोडे असतात.

म्हणून कोअरच्या, म्हणजे जिथे फिशन होतं त्या गाभ्याच्या अगदी जवळ, जड पाण्याच्या टाकीत, लिक्विड हायड्रोजनचं एक ॲल्युमिनियमचं भांडं बसवतात, तापमान २० केल्विन, म्हणजे उणे २५३ डिग्री सेल्सिअस. त्या थंड हायड्रोजनमधे धडका खाऊन न्यूट्रॉन अजून हळू होतात. ॲल्युमिनियम का, तर ते न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घेतलं तर ते त्याहून कमी गिळतं, पण मग भांडं मोठं करावं लागतं, ऑस्ट्रेलियातल्या ओपल रिॲक्टरमधे ते सुमारे २० लिटरचं आहे.

खरी गोम उष्णतेत आहे. कोअरमधून गॅमा किरण आणि फास्ट न्यूट्रॉन सतत येऊन भांडं आणि लिक्विड दोन्ही तापवत राहतात, मोठ्या रिॲक्टरमधे हा लोड किलोवॅटमधे जातो, आणि २० केल्विनवरून १ किलोवॅट उष्णता बाहेर काढायला थिअरीनेच किमान १४ किलोवॅट लागतात, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते थर्मोसायफन. पंप नाहीच! लिक्विड उकळतं, वाफ वरच्या कंडेन्सरमधे जाते, तिथे थंड हेलियम तिचं परत लिक्विड करतो आणि ते आपल्या वजनाने खाली येतं. फक्त बुडबुडे फार झाले की लिक्विड विरळ होतं आणि थंड न्यूट्रॉन घटतात, त्यामुळे भांड्याचा आकार आणि पाईपची जाडी ठरवायला टेस्टिंग भरपूर करावं लागतं.

बरं, हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला की पेट घेऊ शकतो. म्हणून भांड्याभोवती व्हॅक्यूम ठेवतात, पाईपांभोवती हेलियमसारख्या निष्क्रिय वायूचं आवरण देतात, आणि कूलिंग बंद पडलं तर सगळा गॅस आपोआप बफर टँकमधे, म्हणजे जोडलेल्या राखीव टाकीत जाईल एवढी जागा ठेवतात, कुणी व्हॉल्व्ह फिरवायची वाट बघायची नाही.

आणि हे सगळं नंतर बसवायचं तर जागा आधीच राखावी लागते. दक्षिण कोरियातला हानारो रिॲक्टर १९९५ ला सुरू झाला, त्याच्या टाकीत यासाठी उभं भोक पहिल्यापासून ठेवलेलं होतं, त्यातून थंड न्यूट्रॉन २००९ मधे मिळाले.