पाग टाकताना होडी का फिरते?

दाभोळच्या खाडीत छोट्या होडीतून पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकताना कुणाला पाहिलंत, तर आपली नजर जाळ्यावरच खिळते. हवेत फुललेला तो गोल, मग पाण्यावर शिशाच्या मण्यांची टपटप. पण एकदा होडीकडे बघा. माणूस जाळं धरून कमरेतून डावीकडे वळतो आणि त्याच क्षणी पायाखालची होडी जराशी उजवीकडे फिरते. वल्ह्याला तर कुणी हातही लावलेला नसतो.

ही हालचाल मला कॉम्प्युटरमध्ये उतरवायची होती, फिजिक्स इंजिन वापरून. व्हिडिओ गेममधली माणसं पडतात, गाड्या उलटतात, रोबो प्रत्यक्ष बनण्याआधी पडद्यावर चालायला शिकतात, ते अशाच इंजिनांच्या जोरावर. वस्तूचं वजन, आकार आणि तिच्यावरचं बल सांगितलं की इंजिन पुढच्या क्षणी ती कुठे असेल ते काढतं, बहुधा सेकंदाला साठ वेळा. दोन वस्तू एकमेकींना जोडायच्या तर मध्ये सांधा द्यायचा. माझा सांधा म्हणजे कोळ्याची कंबर, उभ्या अक्षाची एक बिजागरी. वरचं धड एक वस्तू, पायांसकट होडी दुसरी.

सांधा फिरवायला टॉर्क लागतो, म्हणजे फिरवणारा जोर: लावलेलं बल गुणिले बिजागरीपासूनचं अंतर. दाराची कडी बिजागरीपासून 90 सेंटिमीटरवर आहे आणि तिथे काटकोनात 10 न्यूटन, म्हणजे साधारण किलोभर वजनाइतका जोर लावला, तर टॉर्क झाला 9 न्यूटन-मीटर. तोच टॉर्क बिजागरीपासून 9 सेंटिमीटरवर हवा असेल तर 100 न्यूटन लावावे लागतात. दार बिजागरीजवळ ढकलून पाहिलेल्या कुणालाही हे दंडात जाणवलेलं असतं.

मी आधी भिंतीतल्या दारावर सराव केला. दाराला 9 न्यूटन-मीटर दिले, दार छान उघडलं. तोच कोड कोळ्याच्या कमरेला लावला. माणूस वळला, पण होडी जागची हलली नाही! पहिल्यांदा मला वाटलं, होडी जड ठेवली असेल. तसं नव्हतं. मी टॉर्क फक्त धडाला दिला होता. खरा माणूस वळतो तो पायांनी होडीला उलट ढकलून; माझ्या कोळ्याला जणू आभाळातून कुणीतरी फिरवत होतं.

न्यूटनचा तिसरा नियम फिरण्यालाही लागू आहे. सांध्यातला टॉर्क नेहमी जोडीने येतो: एका वस्तूला अधिक 9, दुसरीला उणे 9. दाराच्या वेळी ही चूक लपली, कारण दुसरी वस्तू होती भिंत, आणि इंजिनाच्या दृष्टीने भिंत अचल. तिला उलट टॉर्क दिला काय, न दिला काय, चित्र तेच. सांध्याचा कोड तपासायचा तर तो तरंगत्या वस्तूवरच तपासावा, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं.

रसेल स्मिथ यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या ओपन डायनॅमिक्स इंजिनमध्ये बिजागरीला टॉर्क देण्याची वेगळी सोय आहे. ती ही अधिक-उण्याची जोडी आपणहून लावते. फक्त इंजिनाच्या प्रत्येक पावलानंतर, म्हणजे पुढच्या क्षणाच्या प्रत्येक हिशेबानंतर, जमा झालेली बलं पुसली जातात, म्हणून टॉर्क दर पावलाला पुन्हा द्यावा लागतो.

जोडी लावली आणि होडी फिरली. हिशेब हातानेही जमतो. धड, हात आणि भिजलेलं जाळं मिळून फिरण्याला विरोध, म्हणजे जडत्व-आघूर्ण, मी 5 धरलं होतं. तीन मीटर लांब, 60 किलोच्या होडीचं, सरळ दांडा समजून, 45 येतं. कमरेत 90 अंशांचा पीळ पडला की त्याची वाटणी व्यस्त प्रमाणात होते: धड 81 अंश डावीकडे, होडी 9 अंश उजवीकडे. पडद्यावर नेमकं तेच आलं.

आणखी एक अडचण होती. टॉर्क देतच राहिलं तर वेग वाढतच जातो, आणि कोळ्याचा भोवरा होतो. म्हणून इंजिनांत सांध्याला मोटर बसवता येते. आपण टॉर्क सांगायचाच नाही. हवा तो वेग सांगायचा आणि जास्तीत जास्त किती टॉर्क परवडेल ती मर्यादा घालायची. लागेल तेवढा टॉर्क इंजिन स्वतः काढतं, मर्यादेच्या आत राहून. स्नायूंनाही मर्यादा असतेच, त्यामुळे मोटर लावल्यावर हालचाल पुष्कळ माणसासारखी दिसू लागली.

आता मी दर पावलाला सगळ्या वस्तूंच्या कोनीय संवेगाची, म्हणजे जडत्व-आघूर्ण गुणिले फिरण्याचा वेग याची, बेरीज छापून बघतो. चुकीच्या कोडमध्ये ती सेकंदाला 9 ने वाढत होती. आता शून्यावर आहे. जाळं न सोडता माणूस मूळ जागी वळला की होडीही बरोबर मूळ दिशेला येते. खाडीत मात्र ती तशी येत नाही, कारण काही संवेग पाणी घेऊन जातं. माझ्या होडीखाली अजून पाणी नाही. पुढचं काम तेच आहे.