जखडलेला सेल्फ

किल्ली फिरवली की इंजिन दोनदा जड कण्हायचं आणि गप्प व्हायचं. बॅटरी नवी होती, तिची टोकंही स्वच्छ होती. म्हणजे सेल्फ काढून बघणं आलं. गाडी जुनी, सेल्फ बसवल्यापासून कोणी त्याला हात लावलेला नाही. बोल्ट दोनच होते. अर्धा दिवस खपल्यावर दोन्ही बाहेर आले, आणि सेल्फ तसूभरही हलला नाही.

स्टार्टर मोटरला गॅरेजमध्ये सगळे सेल्फच म्हणतात. हे नाव हँडल मारून इंजिन चालू करण्याच्या काळातलं आहे. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडलची गरज हळूहळू संपली. ही मोटर काही सेकंदच चालणार, तेव्हा तेवढ्यापुरता तिच्यावर कुवतीपलीकडचा भार टाकता येईल, हे केटरिंग यांनी ओळखलं होतं. म्हणून एवढीशी मोटर अख्खं इंजिन फिरवते. पण त्यासाठी ती शंभर-दोनशे अँपिअर, कधी त्याहूनही जास्त प्रवाह ओढते. तिची जाड तार थेट बॅटरीतून येते आणि बहुतेक गाड्यांत वाटेत फ्यूजही नसतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन तो क्षणात लालबुंद होऊ शकतो. खालून काम असेल तर गाडी भक्कम स्टँडवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही जायचं नाही.

आता बोल्टकडे येऊ. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला ढोबळमानाने निम्मा वाटा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात. प्रत्यक्ष पकड जेमतेम दहा टक्क्यांतून येते. त्यात वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि आट्यांत ती जागा नसतेच. मग तो दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा दाबत राहतो. अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर दुप्पट केला तर बोल्ट सुटण्याऐवजी तुटण्याचीच भीती जास्त.

इथे पातळ तेल कामी येतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तेल फटीत शिरतं ते केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फट द्रवाला आपोआप आत ओढते त्याने. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, पण वाटही तितकीच अडलेली. शिवाय दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. संध्याकाळी तेल सोडून सकाळी पाना लावणारा मेकॅनिक आळशी नसतो, त्याला हे हिशेब अनुभवाने कळलेले असतात. सकाळी बोल्ट कर्रकन वाजला की लगेच पूर्ण फिरवायचा नाही. पाव फेरा सैल, थोडा परत आत, पुन्हा सैल. त्याने आतला गंज भुगा होऊन आट्यांतून बाहेर पडतो. सॉकेट मात्र सहा कोनांचाच घ्यावा. बारा कोनांचा सॉकेट बोल्टचे कोपरे खातो, आणि एकदा कोपरे गेले की काम तिप्पट अवघड होतं.

बोल्ट सुटले तरी सेल्फ का धरून बसतो? त्याचा पुढचा भाग, म्हणजे नाक, इंजिनाच्या बाजूच्या गोल भोकात अगदी नेमका बसवलेला असतो. पिनियनचे (सेल्फच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे) नऊ-दहा दात फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) शंभराहून जास्त दातांत बरोबर बसायचे, तर जागा ढळून चालत नाही. माझ्या गाडीत नाक ॲल्युमिनियमचं होतं आणि भोक ओतीव लोखंडात. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, मधे ओलावा: हा एक छोटासा विद्युतघटच झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी तयार होते. तिच्यातलं हायड्रॉक्साइड मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा मागतं. टॉर्च मारल्यावर नाकाभोवती तीच पांढरी कडी स्पष्ट दिसत होती.

गरम करावं का? इथे कोण कोणाच्या आत आहे ते आधी पाहायचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या आत असेल तर उष्णतेने भोक मोठं होतं आणि बोल्ट सुटतो. ॲल्युमिनियमचं नाक लोखंडाच्या आत असेल तर तीच उष्णता त्याला आणखी आवळते. शिवाय आजूबाजूला तेल आणि पेट्रोलची नळी असते, तिथे उघडी ज्योत नकोच.

मी ठोक्याचा मार्ग धरला. अर्ध्या किलोची हातोडी सेकंदाला चार मीटर वेगाने येऊन सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबली, तर तिचा सरासरी जोर सुमारे २००० न्यूटन होतो, म्हणजे दोनशे किलो वजनाएवढा, तोही निमिषभरच. भुकटी ठिसूळ असते, असा धक्का तिला सहन होत नाही. ठोके मोटरच्या अंगावर घालायचे नाहीत. आत कायमचुंबक असतील तर त्यांना तडा जातो. मी लाकडाचा ठोकळा नाकाच्या कानावर (बोल्टच्या भोकाचा बाहेर आलेला भाग) टेकवला आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंनी मारला. सरळ ओढण्याऐवजी सेल्फ स्वतःच्या आसाभोवती पिळायचा प्रयत्न केला, कारण पिळताना कडी सगळीकडून एकदम कातरली जाते. जुन्या सेल्फचं वजन बरंच असतं, म्हणून एक बोल्ट चार आटे परत आत घालून ठेवला होता. पंधराव्या-सोळाव्या ठोक्याला पांढरी पूड चेहऱ्यावर सांडली (चष्मा घातला होता), आणि सेल्फ केसभर फिरला. पुढचं दहा मिनिटांचं काम.

बाहेर काढून, शिकंज्यात पक्का धरून थेट बॅटरीवर जोडला, तर जोरात फिरला. मोटरला काहीच झालं नव्हतं. सेल्फला वीज जाड तारेतून येते, परत जाते ती त्याच्याच अंगातून, इंजिनाला टेकलेल्या पृष्ठभागामार्गे. त्या वाटेत ०.०१ ओहम एवढा रोध आला तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बारातले दोन गेले की इंजिन कण्हणारच. जी भुकटी सेल्फला सोडत नव्हती, तीच त्याची वीजही अडवत होती.

दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासले, आट्यांना जाम न होऊ देणारं वंगण लावलं, सेल्फ बसवला आणि निगेटिव्ह तार सर्वात शेवटी जोडली. किल्ली फिरवल्यावर इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं.