दिव्याचं भाडं आणि दिव्याचा हप्ता

संध्याकाळी भाजीच्या गाडीवर एलईडी दिवा लागतो, त्याचे रोज दहा रुपये. वीज न पोचलेल्या वस्तीत तीन दिवे आणि मोबाइल चार्जिंगचा सौर संच घरात बसतो, त्याचेही रोज दहा-पंधरा रुपये. दोन्हीकडे एकरकमी पैसे लागत नाहीत, दोन्हीकडे रोजचं थोडं थोडं द्यायचं, म्हणून दोन्ही ‘पे-ॲज-यू-गो’ (वापराल तसे पैसे द्या) या एकाच नावाखाली खपतात. पण पहिलं भाडं आहे आणि दुसरा हप्ता. भाड्यात बॅटरी कायम धंदेवाल्याची. हप्त्यात शेवटचा पैसा आला की ती गिऱ्हाइकाची. बॅटरी आज ना उद्या मरणारच. ती मरेल तेव्हा कुणाची असेल, हे ठरलं की दर, वसुली आणि दुरुस्ती ही सगळी त्यामागून ठरतात.

(फेरीवाल्यासमोर ‘हप्ता’ हा शब्द जपूनच वापरावा. बाजारात त्याचा जुना अर्थ वेगळा आहे आणि तो गिऱ्हाइकाला आधी आठवतो.)

आधी भाडं. भारतात ही पद्धत जुनी आहे. टेरी या संस्थेने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘लायटिंग अ बिलियन लाइव्ह्ज’ कार्यक्रमात गावात एक सौर चार्जिंग केंद्र, साधारण ५० कंदील आणि ते चालवणारा गावातलाच एक उद्योजक अशी मांडणी होती. कंदील रात्री भाड्याने जायचे, सकाळी परत यायचे. कर्नाटकात सेल्को या सौर कंपनीने फेरीवाल्यांसाठी हेच केलं: एक जण दिवसभर बॅटऱ्या भरतो आणि संध्याकाळी गाड्यांवर नेऊन देतो.

आता ४० दिव्यांचं गणित मांडू. किमती उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावचे आकडे घालून घ्यावेत. १२ व्होल्टचा ९ वॅटचा डीसी बल्ब पाच तास लागला तर ४५ वॅट-तास खर्च होतात. ४० दिव्यांचे १,८०० वॅट-तास. चार्जिंगमधली गळती, पॅनेल तापल्याने होणारी घट आणि धूळ मिळून साधारण ३० टक्के जातात, म्हणजे पॅनेलकडून सुमारे २,५७० वॅट-तास हवेत. दिवसाला पाच तास चांगलं ऊन धरलं तर ५१५ वॅटचं पॅनेल पुरतं. पावसाळ्यात ऊन निम्म्यावर येतं, म्हणून एक तर पॅनेल दुप्पट लावा नाही तर विजेवरचे चार्जर हाताशी ठेवा.

गंमत अशी की हेच काम विजेवर केलं तर चार्जरची गळती धरूनही जेमतेम सव्वादोन युनिट लागतात. युनिट दहा रुपयांना धरलं तरी साडेबावीस रुपये, आणि ४० दिव्यांचं भाडं चारशे. म्हणजे फेरीवाला विजेचे पैसे देतच नाही. दिवा वेळेवर गाडीपर्यंत आला, रात्री कुणीतरी तो उचलून नेला आणि मधेच विझला नाही, याचे तो पैसे देतो. (घराच्या मीटरवर असलं चार्जिंग करू नये. धंद्यासाठी धंद्याचंच कनेक्शन लागतं.)

या धंद्यात पहिली चूक होते ती बॅटरीच्या निवडीत. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची (ॲम्पियर-तासांची) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी समजा ८०० रुपयांना मिळाली, आणि १२.८ व्होल्ट ६ एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट १,५०० ला. स्वस्त म्हणून पहिली घेतली जाते. ४५ वॅट-तास काढले की ती निम्म्याहून जास्त रिकामी होते. अशा वापरात साधारण ४५० फेऱ्या धरा (एकदा भरून वापरली की एक फेरी), म्हणजे फेरीमागे पावणेदोन रुपये झीज. त्यात फेरीवाल्याने मोबाइलही लावला आणि बॅटरी रोज तळाला गेली, तर २५० फेऱ्यांतच संपते आणि झीज सव्वातीन रुपयांवर जाते. उष्णता आणि आदळआपट धरून लिथियमच्या हात राखून हजार फेऱ्या मोजल्या तरी दीड रुपया पडतो. शिवाय लेड-ॲसिडला पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात, शेवटचा टप्पा तर फार सावकाश सरकतो. ढगाळ दिवशी ती अर्धवट भरूनच बाहेर जाते. असं रोज झालं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची उतरते. अर्धवट चार्जिंगचा लिथियमला त्रास नाही. तिला सव्वा ॲम्पियरने भरलं तर तीन तासांत काम होतं आणि एकाच दिवसात दोन पाळ्या लागतात.

चार्जर मात्र लिथियमचाच हवा, १४.६ व्होल्टवर थांबणारा. लेड-ॲसिडच्या काही चार्जरांत सल्फेट काढण्यासाठी जादा व्होल्टेजचे झटके असतात. त्याने आतलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) बॅटरी बंद करतं आणि लोक ‘बॅटरी मेली’ म्हणून परत करतात. एका कंट्रोलरवर (पॅनेलकडून येणारं चार्जिंग आवरणारं उपकरण) दहा बॅटऱ्या समांतर जोडून भरायचा मोहही टाळा. रिकाम्या बॅटरीत भरलेल्यांचा करंट धावतो, तारा तापतात आणि कुठली किती भरली हे कळत नाही. प्रत्येक बॅटरीला तिचं स्वतंत्र तोंड द्या. मल्टिमीटर लेड-ॲसिडला उपयोगी: विसावलेली, भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ वर आली तर ती निम्म्याखाली गेलेली असते. लिथियमला हा हिशोब लागू नाही. तिचं व्होल्टेज मधल्या पूर्ण पल्ल्यात १३.२ च्या आगेमागे अडून बसतं. तिथे वहीच कामाची: बॅटरीवर रंगाने क्रमांक, आणि वहीत तारीख, क्रमांक, गाडी, लागल्याची व विझल्याची वेळ. १७ नंबर दोनदा चार तासांत विझली, की तिसऱ्यांदा ती बाहेर जाता कामा नये.

कमाईकडे या. ४० पैकी रोज ३२ दिवे जातील असं धरा. पाऊस, सुट्ट्या, गावाला गेलेले लोक हे असणारच. दहा रुपयांप्रमाणे महिन्याच्या २६ दिवसांचे ८,३२० रुपये. झिजेपोटी दिव्यामागे दीड रुपया बाजूला ठेवला तर १,२४८. बल्ब, पिना, वायरी मिळून तीनशे. दिवे पोचवायला रोज दीडशे रुपयांवर माणूस ठेवला तर ३,९००. उरले २,८७२. बॅटऱ्यांचे साठ हजार आणि पॅनेल-चार्जरांचे चाळीस, असे एक लाख गुंतवले असतील तर ते सुटायला तीन वर्षं लागतात. गाडा स्वतः ओढला तर पंधरा महिने. हा धंदा पगारी माणसावर चालत नाही, मालकाच्या पायांवर चालतो, ते यामुळे. आणि बाजूला ठेवलेले ते १,२४८ रुपये खर्चून टाकले, की चारेक वर्षांनी ४० बॅटऱ्या साधारण एकाच हंगामात मान टाकतात.

हप्त्याचं दुखणं वेगळ्या जागी आहे. केनियात एम-पेसा हे मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं साधन २००७ पासून होतं. त्याच्या आधारावर एम-कोपा या कंपनीने २०१२ मध्ये सौर संच विकायला काढले. एका काळी त्यांचा व्यवहार असा होता: २,९९९ शिलिंग आधी आणि मग वर्षभर रोज ५० शिलिंग. संचात सिमकार्ड, पैसे आले की तो चालू, थांबले की बंद. सिमकार्ड परवडत नसेल तर आकड्यांच्या बटणांचे संच असतात: पैसे भरले की मोबाइलवर एक कोड येतो, तो दाबला की ठरावीक दिवस मिळतात. कोड त्या एकाच पेटीला आणि एकदाच चालतो. इथली नेहमीची तक्रार म्हणजे ‘कोड लागत नाही’. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की पेटीचा क्रमांक विकताना चुकीचा लिहिला गेला.

समजा संच ६,००० ला विकला, तुम्हाला तो ४,००० ला पडला आणि गिऱ्हाइकाने १,००० आधी दिले. पहिल्या दिवशीच तुमचे ३,००० अडकले. शंभर संचांचे तीन लाख. राहिलेले ५,००० रोज १४ रुपयांप्रमाणे ३५७ दिवसांत यायचे. पण चारपैकी तीनच दिवस पैसे आले तर त्याला ४७६ दिवस लागतात, आणि तुमच्या कर्जावरचं व्याज तोवर चालूच. म्हणून खपाचे आकडे पाहून खूश होऊ नये. एकच आकडा पाहावा: कॅलेंडरचे जितके दिवस गेले त्यातल्या किती दिवसांचे पैसे आले. हप्त्याचा धंदा मंदीत नाही, भरभराटीत बुडतो. जितका खप जास्त तितकी रोकड बाहेर. जर्मनीची मोबिसोल ही कंपनी पूर्व आफ्रिकेत लाखाहून अधिक संच बसवून होती, तरी २०१९ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, आणि पुढे फ्रान्सच्या एंजी या ऊर्जा कंपनीने ती घेतली.

गिऱ्हाईक पैसे का थांबवतं, याला बरेचदा गरिबीपेक्षा वायर कारणीभूत असते. १२ व्होल्टवर दोन ॲम्पियरचा पंखा आणि दिवे दहा मीटरवर नेताना अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर जाता-येता १.४ व्होल्ट वाटेतच जातात. पंखा मंद फिरतो, माणूस म्हणतो संच डब्बा आहे, आणि हप्ता थांबतो. एक चौरस मिलिमीटर वापरली तर हीच घट ०.७ वर येते. वायरीत वाचवलेले शे-दोनशे रुपये वसुलीत दहापट जातात. संच बंद पडल्यावर काही जण पेटी उघडून पॅनेल थेट बॅटरीला जोडतात. १२ व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनेल उघड्यावर २१-२२ व्होल्ट देतं. मधे कंट्रोलर नसला की लेड-ॲसिड बॅटरी उकळते.

हप्त्याच्या कागदातली सगळ्यात महागडी चूक दोन आकड्यांची असते: हप्ते १५ महिने आणि बॅटरीची वॉरंटी १२. तेराव्या महिन्यात बॅटरी बसली की शेवटच्या तीन महिन्यांचे हप्ते विसरा. वॉरंटी हप्त्यांपेक्षा किमान सहा महिने लांब हवी आणि तिची किंमत विक्रीच्या दरातच धरलेली हवी. व्याज वेगळं दाखवायचं असेल तर आधी वकिलाला विचारा. महाराष्ट्रात सावकारीवर २०१४ चा कायदा आहे.

बाहेरूनही एक धोका येतो: विजेची लाइन. बांगलादेशात इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेच्या कार्यक्रमात २००३ पासून चाळीस लाखांवर घरांत संच बसले, बरेचसे हप्त्यांवर. लाइन गावात शिरली तशी लोकांनी हप्ते भरायचं सोडलं. गाडीवरच्या भाड्याच्या दिव्याला ही भीती कमी, कारण रस्त्याच्या कडेला मीटर मिळत नाही.

सेल्कोने घरांसाठी तिसरी वाट धरली. हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये सहसंस्थापक म्हणून सुरू केलेल्या या कंपनीने उधारी स्वतःच्या वहीत घेण्याऐवजी गिऱ्हाइकाला ग्रामीण बँकेचं कर्ज मिळवून देण्यावर भर दिला. रोकड अडकते ती बँकेची; दुरुस्तीची जबाबदारी तेवढी कंपनीची. जवळपास शाखा असेल आणि तिथला अधिकारी सौर संचाला कर्ज द्यायला तयार असेल, तर घरांसाठी हाच मार्ग छोट्या धंद्याला झेपतो. नसेल, तर स्वतःच्या पैशांनी वीसच्या वर संच हप्त्यावर देऊ नयेत, निदान पहिली बॅच पूर्ण फिटेपर्यंत.

सगळ्यात वाईट ते दोन्हींचं मिश्रण. भाडं घेत राहिलेला धंदेवाला, आणि दोन वर्षांनी गाडीवाला म्हणतो, ‘एवढे पैसे भरले, बॅटरी आता माझीच.’ त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर असतं, कारण पहिल्या दिवशी त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून पावतीपुस्तकाच्या प्रत्येक पानावर आधीच छापून घ्या. भाडं असेल तर: ‘बॅटरी व दिवा मालकाचा. बिघाड झाल्यास त्याच संध्याकाळी बदलून मिळेल.’ हप्ता असेल तर: ‘एकूण रुपये, भरले रुपये, बाकी रुपये. बाकी शून्य झाल्यावर संच ग्राहकाचा.’ आणि बाकीचा रकाना दर वेळी त्याच्यासमोर भरा.